प्रोफेसर गेडिस आणि पंचेंद्रियांचे नगर

शहरांचे नकाशे करणाऱ्यांचे काम बहुधा डोळ्यांनी चालते. कागदावर रेघ सरळ आली, चौक चौकोनी झाला, की त्यांचे समाधान होते. त्या रस्त्यावर वैशाखातल्या दुपारी पाय भाजतात की नाही, वळणावर गटाराची दुर्गंधी येते की रातराणीचा वास, रात्री अंथरुणावर पडल्यावर देवळातली घंटा कानी पडते की नुसता चाकांचा खडखडाट, यांतले काहीच कागदावर उमटत नाही. पण जे कागदावर उमटत नाही तेच आधी पाहिले पाहिजे असे मानणारा एक विलक्षण गृहस्थ १९१७ साली आपल्या इंदुरात येऊन राहिला होता. होळकर दरबारासाठी त्याने लिहिलेला शहरसुधारणेचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. नाव पॅट्रिक गेडिस. जातीने स्कॉच, अभ्यासाने जीवशास्त्रज्ञ, पेशाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. वास्तुशास्त्राची सोडाच, विद्यापीठाची कोणतीही परीक्षा देऊन मिळवलेली पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

आम्हां इंदूरकरांना राजवाडा कोणी बांधला, छत्र्या कोणाच्या, हे तोंडपाठ असते. गेडिसांचे नाव मात्र अहवालाच्या बाडात राहून गेले. म्हणून त्यांचे चरित्र जरा सविस्तर सांगावे असे मनात आहे.

गेडिसांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील पलटणीत शिपाईगिरीपासून चढत चढत अधिकारी झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी पर्थ शहरालगतच्या टेकडीवर एक लहान घर घेतले आणि भोवती बाग केली. धाकटे शेंडेफळ वडिलांच्या मागून वाफ्यावाफ्यातून हिंडत असे. बटाटे लावणे, फळझाडे राखणे हे त्याचे पहिले शिक्षण, आणि टेकडीवरून खाली पसरलेले शहर व त्यातून वाहणारी टे नदी हा पहिला नकाशा. आईवडिलांच्या मनात मुलाने धर्मोपदेशक व्हावे असे होते. ते जमले नाही. मग काही काळ बँकेत कारकुनी झाली, तीही सुटली. त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी सुताराच्या हाताखाली रंधा मारण्याचे शिक्षण घेतले. पुढे प्राध्यापक झाल्यावरही ज्याच्या हाताला काम माहीत नाही त्याच्या डोक्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे, त्याचे मूळ मला या सुतारशाळेत दिसते.

एडिंबरोच्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकावयास गेले आणि आठवड्याभरात कंटाळून परतले. तिथे वाळवलेल्या रोपांची नावे पाठ करावयाची होती, आणि यांना तर जिवंत झाड हवे होते. मग १८७४ साली लंडनला हक्सलेंच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढे तेथेच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत काम करीत असताना वृद्ध डार्विन त्यांच्या टेबलापाशी येऊन त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून पाहून गेले. ती भेट ते जन्मभर सांगत असत. फ्रान्सच्या किनाऱ्यावर रोस्कॉफ येथे समुद्रजीवांचा अभ्यास झाला. सगळी चिन्हे अशी, की हा माणूस आयुष्यभर सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसणार.

१८७९ साली ते नमुने गोळा करण्यासाठी मेक्सिकोस गेले आणि तेथे आजारात त्यांची दृष्टी गेली. वैद्यांनी त्यांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवले. वय पंचवीस, सगळी विद्या डोळ्यांवर अवलंबून, आणि दृष्टी परत येईल की नाही हे सांगणारे कोणी नाही. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. चाचपडत खोलीत फिरताना त्यांची बोटे खिडकीच्या तावदानांवरून फिरत. हाताला एक चौकट, मग दुसरी, मग तिसरी लागे. एकेका तावदानात एकेक विचार ठेवावा आणि त्यांचे परस्परांशी नाते बोटांनी तपासावे, अशी युक्ती त्यांना सुचली. पुढे ते कागदाला घड्या पाडून हीच युक्ती करू लागले. स्थळ, काम आणि लोक या तीन शब्दांपासून निघालेले छत्तीस घरांचे एक प्रचंड कोष्टक त्यांनी पुढल्या आयुष्यात तयार केले. खरे सांगावयाचे तर ही कोष्टके वाचणे म्हणजे शिक्षा आहे. त्यांच्या निष्ठावंत शिष्यांनीही ती मुकाट्याने बाजूला ठेवली. पण त्या खोलीतून आणखी एक गोष्ट ते घेऊन आले. डोळे मिटले तरी जग नाहीसे होत नाही, ते हाताला, नाकाला, कानाला आणि कातडीला तसेच भेटत राहते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, भोगलेले होते. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचा ताण सोसण्याइतकी नाही. शास्त्रज्ञाची एक वाट तिथे बंद झाली.

१८८६ साली त्यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. ॲनाबाई लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याच्या कन्या, संगीतात चांगल्या तयार झालेल्या. हे जोडपे दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या एका पडक्या चाळीत राहावयास गेले. एकेकाळी तिथे सरदार राहत. नंतर श्रीमंतांनी नवे शहर वसवले आणि जुन्या उंच इमारती गरिबांनी खोलीखोलीने भरून गेल्या. जिन्यात अंधार, घाण, दारूडे. प्राध्यापकाने आपली नवी बायको अशा ठिकाणी नेलेली पाहून नातलगांना काय वाटले असेल ते सांगावयास नको. गेडिसांनी कोणाला व्याख्यान दिले नाही. स्वतःचा जिना झाडला, भिंतीला चुना लावला, खिडकीत फुलांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजारी हात लावू लागले. ॲनाबाईंच्या बिऱ्हाडात गाणेबजावणे होऊ लागले. चाळीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पडलेल्या मोकळ्या जागा शोधून तेथे लहान बागा करण्याचे काम पुढे त्यांची कन्या नोरा हिने वाढवले.

वर्षातून एका सत्रापुरते डंडीच्या कॉलेजात शिकवावयाचे आणि उरलेले महिने शहराच्या पाठीस लागावयाचे, असा त्यांचा क्रम १८८८ पासून तीस वर्षे चालला. त्याच काळात त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा हाती घेतला. त्याला आउटलुक टॉवर म्हणत. मनोऱ्याच्या माथ्यावर आरसा व भिंग बसवलेली एक अंधारी खोली होती. तेथे पांढऱ्या टेबलावर बाहेरच्या शहराचे जिवंत, हलते चित्र पडे. रस्त्यावरून चालणारा माणूस टेबलावरून चालताना दिसे. हे यंत्र मनोऱ्यावर आधीपासूनच होते, गंमत म्हणून लोक ते पाहावयास येत. गेडिसांनी त्याचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. पाहुण्याला ते आधी जिन्याने भराभर वर नेत. छाती धडधडते, रक्त उसळते, कान तापतात. अशा जागत्या अंगाने माणूस त्या काळोख्या खोलीत शिरे आणि शहर पाही. तिथून एकदम सज्जावर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात. मग एकेक मजला खाली. आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, मग युरोप, तळाशी सगळे जग. आणि वाटेत एक रिकामी कोठडी, तीत फक्त एक खुर्ची. पाहिलेले सगळे विसरून, डोळे मिटून तिथे बसावयाचे. मेक्सिकोतली ती खोलीच त्यांनी एडिंबरोत पुन्हा बांधली असे मी म्हणेन. फरक इतकाच की इथल्या खोलीचे दार उघडे होते.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेले नगरप्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रे, आराखडे, दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. वयाच्या साठाव्या वर्षी आयुष्याची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. इंग्लंडातल्या स्नेह्यांनी घाईघाईने नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासेत प्रदर्शन उघडले. थोरला मुलगा ॲलिस्डर मदतीला होता.

त्यानंतर दक्षिणेतील शहरे, मुंबई इलाख्यातली गावे, बडोदे, लखनौ, लाहोर अशी त्यांची भ्रमंती झाली. इंजिनियर मंडळी त्या काळी जुन्या वस्तीवर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखीत आणि मध्ये येणारी घरे पाडीत. गेडिस आधी पायी हिंडत. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. कोणत्या बोळात सावली केव्हा येते, बायका कोणत्या विहिरीवर थांबून बोलतात, मुले कुठे खेळतात, कुठे नाक धरावे लागते. मग ते अगदी मोडकळीस आलेली दोनचार घरे काढावीत असे सुचवीत, तेथे लहानसा चौक करावा, एक झाड लावून त्याला पार बांधावा, आणि बाकीची वस्ती जागच्या जागी ठेवावी. शस्त्र चालवावयाचे ते रोग्याला जपून, असे त्यांचे धोरण होते. तळी बुजवा म्हणजे डास जातील असे आरोग्यखाते म्हणे. तळ्याने हवा थंड राहते, डासांच्या अळ्या मासे आणि बदके खातील, असे हे म्हणत. सरकारी इंजिनियरांचे आणि त्यांचे फारसे कधी पटले नाही यात नवल नाही.

१९१७ चे वर्ष उजाडले. ॲलिस्डर तोवर फ्रान्सच्या आघाडीवर गेला होता. बलूनमधून उंचावरून टेहळणी करणाऱ्या पथकात तो अधिकारी होता. मनोऱ्यावर वाढलेल्या मुलाला हेच काम मिळावे हा दैवाचा खेळ. एप्रिलमध्ये तोफगोळ्याने तो मारला गेला. तार हिंदुस्थानात पोचली तेव्हा ॲनाबाई विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिसांनी ती बातमी त्यांना सांगितली नाही. मुलाची आधी आलेली पत्रे ते त्यांच्या उशाशी बसून वाचीत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यास ॲनाबाई गेल्या. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

या मनःस्थितीत हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस त्याच वर्षी इंदुरास आला. शहरात प्लेग होता. दाढी वाढलेला, हातात नकाशे घेऊन बोळाबोळांतून हिंडणारा हा गोरा म्हातारा पाहून लोक बिचकले. प्लेगच्या काळात साहेब घराशी आला म्हणजे घर रिकामे करवणार, सामान जाळणार, हा सगळ्या देशाचा अनुभव होता. हाच म्हातारा प्लेग आणतो असेही कुजबुजले गेले. अशा शहराला गटारांवर व्याख्यान देऊन काय होणार? गेडिसांनी महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडे एक अजब मागणी केली : दिवाळीचा एक दिवस राज्य माझ्या हाती द्या. महाराजांनी ती मान्य केली.

मग जाहीर झाले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या, हिंदूंच्या वा मुसलमानांच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. आपल्या दारावरून हत्ती जावा असे कोणाला वाटणार नाही? आळीआळीत चढाओढ लागली. माळ्यांवरची, तळघरांतली वर्षांची अडगळ निघाली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. उंदीर पकडले गेले. भिंतींना चुना लागला, ओटे सारवले गेले. माझी आजी त्या वेळी बारा वर्षांची होती. तिला मिरवणुकीपेक्षा अधिक आठवे तो आधीच्या पंधरवड्यातला ओल्या चुन्याचा आणि शेणाचा वास. सगळ्या गावाला एकच वास येत होता, असे ती सांगे.

मिरवणुकीत आधी लवाजमा, घोडदळ, उंट, हत्ती. मग शेतीभाती आणि पिकांची दृश्ये. त्यामागून अंगावर काटा आणणारा भाग : रोगांचे राक्षस, घाणीचा दैत्य, आणि प्लेगचा एक भला मोठा उंदीर. बेसूर वाद्ये. मग थोडे अंतर सोडून शहराचे झाडूवाले आले. स्वच्छ पांढरे कपडे, गळ्यात हार, त्यांच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या, बैल शृंगारलेले. त्यांच्यामागून लक्ष्मी. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्यांची सावली चुकवावी असे त्या काळच्या सोवळ्या घरांतून, आमच्याही घरातून, शिकवले जाई, ती माणसे भर रस्त्यातून लक्ष्मीच्या पुढे तिची वाट करीत चालली, आणि ओट्यांवर उभे राहून शहराने ते पाहिले. त्यानंतर होऊ घातलेल्या नगराचे देखावे, बागांचे रथ, फुले, फळे; आणि वाटेत लोकांना तुळशीची रोपे दिली गेली. शेवटी तो दैत्य आणि तो उंदीर यांना दारूकामाच्या आतषबाजीत जाळले.

साथ ओसरली. ती ओसरण्याचा हंगामही होताच, हे सांगितले पाहिजे; पण उंदीर कमी झाले होते हेही खरेच. ज्या म्हाताऱ्याने प्लेग आणला असे लोक म्हणत होते त्यानेच तो घालवला असे आता म्हणू लागले. बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ साली, देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. दोन्हींचा संबंध जोडण्याचा माझा अट्टहास नाही, पण योगायोग मात्र सुखावणारा आहे.

त्यांचा अहवाल मी वाचला आहे. भाषा गुंतागुंतीची आहे, पाल्हाळ भरपूर आहे. तरीही गटारांवरची प्रकरणे पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. विलायती धर्तीची, प्रचंड खर्चाची भुयारी गटारे एकदम घालण्यास त्यांचा विरोध होता. मैला आणि सांडपाणी नदीत लोटण्याऐवजी ते बागांना द्यावे, खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे झाडी करावी, असे त्यांनी मांडले. तुळशीवृंदावनाबद्दल तर त्यांनी आपल्या लोकांनाही सुचू नये असे लिहिले. त्यांच्या मते तुळस ही घराच्या स्वच्छतेची खूण आहे. जिथे तिची निगा राखली जाते ते अंगण झाडलेले असते, तिथे ऊन आणि हवा येते. म्हणजे घर कसे बांधावे याचे माप त्यांनी रोज सकाळी पाणी घालणाऱ्या बाईच्या हाताजवळ नेऊन ठेवले. नदीकाठच्या बागांचे त्यांचे चित्र बव्हंशी कागदावरच राहिले. ते उतरले असते तर खान नदीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्याची पाळी माझ्या पिढीवर आली नसती असे मला आजही वाटते.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९२४ पर्यंत तेथे राहिले. मालवणकडचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच हेरले आणि विलायतेस शिकावयास जाण्यासाठी शिफारस केली. पुढे तो विभाग घुर्ये यांनी नावारूपास आणला. वनस्पतींच्या संवेदनांचा शोध घेणारे जगदीशचंद्र बोस हे गेडिसांच्या खास जिव्हाळ्याचे. त्यांचे चरित्र गेडिसांनी लिहिले, ते १९२० साली निघाले. रवींद्रनाथांशीही त्यांचा स्नेह जुळला. शिक्षक म्हणून मात्र ते अवघड होते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत, विषयावरून विषयावर उडी घेत, आणि समोरच्याला बोलू देत नसत. १९२३ साली न्यूयॉर्कला लुइस मम्फर्ड या तरुण शिष्याची प्रथम भेट झाली तेव्हा तू माझ्या गेलेल्या मुलासारखा दिसतोस असे सांगून त्यांनी डोळ्यांतून पाणी काढले आणि त्या बिचाऱ्याला संकोचात टाकले. मम्फर्ड पुढे नगरांचा मोठा भाष्यकार झाला. गुरूच्या छायेतून सुटण्यास त्याला प्रयास पडले, तरी १९२५ साली झालेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने गेडिस असेच ठेवले.

जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा, तेल अवीव शहराची १९२५ सालची योजना, ही कामेही त्यांच्या हातून झाली. तेल अवीवमध्ये घरांच्या गटांच्या मध्यभागी बागा ठेवण्याची त्यांची कल्पना पुष्कळ अंशी प्रत्यक्षात आली. तिथल्या लोकांना ती लाभली.

प्रकृतीसाठी १९२४ साली ते दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेल्ये येथे गेले. शहराबाहेरचा एक खडकाळ, झुडपांनी भरलेला माळ त्यांनी घेतला, तेथे विद्यार्थ्यांसाठी घर बांधले, मनोरा उभारला, आणि दगड वेचून वेचून बागेचे सोपान केले. पूर्वी एकदा नाकारलेली सर ही पदवी १९३२ साली त्यांनी स्वीकारली. ती घेण्यासाठी लंडनच्या थंडीत ते गेले, परत आले ते आजारी होऊनच. १७ एप्रिल १९३२ रोजी मोंपेल्येच्या त्या घरी त्यांचे निधन झाले. माळावर वसंत होता, आणि आदल्या वर्षांत लावलेली झाडे नुकती मूळ धरीत होती.